दुर्बीण घेताना आधी तिचं तोंड मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आपल्या दैनिकाच्या खरेदीच्या पानावर मुलांच्या दुर्बिणीची जाहिरात पाहिली. '५२५ पट' हा आकडा ठळक, शेजारी शनीचं झगझगीत रंगीत चित्र. पुढचं भिंग केवढं, याचा कुठे पत्ता नाही. हाच आकडा वाचून २०२२ च्या दिवाळीत मी फसलो होतो, म्हणून हे पत्र. मी काही या विषयातला शिकलेला माणूस नाही. घाटंजी तालुक्यातला सात एकरांचा कास्तकार आहे, कापूस आणि तूर पिकवतो.

सुरुवात त्याच वर्षीच्या गुढीपाडव्याला झाली. २ एप्रिलची संध्याकाळ, भुईमुगाला ओलीत चालू होतं आणि पोरगी डबा घेऊन वावरात आली होती. जळती लाकडं एकामागून एक ओढत न्यावीत तसा विस्तव आभाळातून सरकत गेला. मागाहून कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं, आणि ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. पोरगी तेव्हा सातवीत होती. तिने विचारलं, तारा नव्हता हे त्यांना कसं कळलं? मला उत्तर देता आलं नाही. आभाळाबद्दल मला ठाऊक होतं ते सगळं आजीकडचं. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि तिच्या मागे लागलेले तीन चोर, मृगातले तीन तारे म्हणजे तिफण. त्या तिफणीवरून रात्र किती सरली हे मी जागलीला असताना ओळखायचो, पण त्यापलीकडे काही नाही.

पहिल्या वेचणीचा चुकारा हातात आला आणि मी खोकं मागवलं. त्यात ६० मिलिमीटर भिंगाची, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून चित्र जिथे जुळतं तिथवरचं अंतर) नळी होती. ५२५ पट कुठून येते ते पोरीने वहीत मांडून दाखवलं. नळीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागायचं. ७०० भागिले ४, झाले १७५. त्यात बार्लो, म्हणजे मध्ये घालून पट तिप्पट करणारं जोडभिंग, घातलं की ५२५. हिशोब चोख आहे, पण त्या पटीला डोळ्याला काहीच दिसत नाही. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पट कामाची, म्हणजे ६० ला १२० च्या आसपास. त्यापुढे तेवढ्याच उजेडाचं चित्र नुसतं ताणलं जातं. पावशेर दुधात बादलीभर पाणी ओतल्यासारखं.

त्यात तिपाई ॲल्युमिनियमच्या काड्यांची. आयपीसला हात लागला की चंद्र थरथरायचा आणि स्थिर होईपर्यंत दिसेनासा व्हायचा. "बाबा, हे तं हालूनच रायलं," एवढंच ती म्हणायची. तिसऱ्या रात्री तिने डोळा लावायचंही सोडलं. मला पैशापेक्षा ते जास्त लागलं.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. त्या खोक्यात आयपीसवर बसवायची एक काळी काच होती, सूर्य पाहायला. २५ ऑक्टोबरला मावळतीच्या वेळी खंडग्रास ग्रहण होतं, म्हणून आदल्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, पोरीने ती लावून नळी सूर्याकडे धरली. मला हाक मारायला ती मागे वळली आणि काच तडकली. पुढच्या भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या बोटाएवढ्या काचेवर येते, ती टिकेल कशी? डोळा तिथेच असता तर काय झालं असतं, हे आजही मनात आलं की हात गार पडतात. सूर्याची गाळणी नळीच्या पुढच्या तोंडावर लावायची असते, आणि तीही त्यासाठीच बनवलेली. अशी काळी काच ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती आजच ठेचून फेकावी. ग्रहण आम्ही पाहिलं ते आरशावर भोक पाडलेला कागद चिकटवून, कवडसा गोठ्याच्या भिंतीवर पाडून. सूर्याचा कुरतडलेला काठ गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिला.

नळी मात्र मी टाकली नाही. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बाभळीचा खांब गाडला, सुताराकडून त्याच्या डोक्यावर लाकडी खाच करून घेतली, बार्लो बाजूला ठेवलं आणि २० मिलिमीटरचा आयपीस लावला. पट फक्त ३५. नोव्हेंबरची रात्र, शनी नैर्ऋत्येला उतरत होता. पोरगी बराच वेळ बोललीच नाही. मग मी पाहिलं. ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळसर थेंब आणि त्याला दोन्ही बाजूंनी निघालेलं कडं. एवढंसं, पण धारदार आणि जागच्या जागी. नळी गुरूकडे फिरवली तर त्याच्या शेजारी एका ओळीत चंद्र, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले तेच.

पुढच्या हंगामात आम्ही सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर आरशाची दुर्बीण घेतली. हिच्यात उजेड भिंगाऐवजी आरसा गोळा करतो. बैलजोडीच्या निम्म्याहून कमी पैशांत आली. घेण्यापूर्वी घरात पुष्कळ बोलणं झालं, कारण त्या पैशांत फवारणीचा नवा पंप येत होता. माझी समजूत पटली ती अशी. पावसात उघड्यावर गंज, म्हणजे पातेलं, ठेवला तर किती पाणी जमेल हे त्याच्या तोंडावर ठरतं. दूरच्या ताऱ्याचा उजेडही तसाच झिरपत येणारा पाऊस आहे. १५० चं तोंड ६० च्या अडीचपट, म्हणून उजेड सव्वासहा पट. भिंगाची एवढी मोठी दुर्बीण कास्तकाराच्या आवाक्यात येत नाही, आरशाची येते.

तिची बैठक डॉब्सन पद्धतीची आहे. खाली फिरती लाकडी पेटी, त्यात तोफेसारखी बसवलेली नळी, बोटाने ढकलली की सरकते आणि सोडली की थांबते. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून ते आरसे बनवायचे आणि रस्त्यात दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचे. या पेटीत मोटर नाही, वीज लागत नाही. आमच्याकडे रात्रीची लाइन कधी येते आणि कधी जाते हे वाचकांना सांगायला नको.

या दुर्बिणीतून आजीच्या गोष्टीतला मधला चोर, म्हणजे वसिष्ठ, पाहिला. लग्नात नवरानवरीला अरुंधती दाखवतात ती त्याच्या शेजारची. पण दुर्बिणीतून खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघाला, एक ठळक आणि एक त्याला चिकटून. आजी असती तर तिने गोष्टीत चौथा चोर घातला असता. मृगाच्या तिफणीखाली अंधूक डाग दिसतो, तो पंख पसरलेल्या पाखरासारखा उमटतो. रंग मात्र करडा. मासिकातले लाल-निळे फोटो कॅमेऱ्याने बराच वेळ उजेड साठवून घेतलेले असतात, डोळ्याला तसं दिसत नाही. हे मुलांना आधीच सांगावं, नाहीतर हिरमोड होतो. तसंच शनीचं. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्याकडे धारेने वळली होती, आता हळूहळू पुन्हा उघडत आहेत. कडं बारीक दिसलं म्हणून दुर्बिणीला दोष देऊ नये.

आरशाची काळजी घ्यावी लागते. बैलबंडीतून नेली की आरसा हलतो, मग मागचे तीन स्क्रू फिरवून जागेवर आणावा लागतो. पहिल्यांदा मला दोन संध्याकाळी लागल्या, आता पोरगी दहा मिनिटांत करते. थंडीत नळी अर्धा तास आधी बाहेर ठेवावी, आरसा गार झाल्याशिवाय चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं. आरसा ओढणीने पुसू नये. आणि तोंडाला झाकण हवंच. एका पावसाळ्यात कुंभारमाशीने आमच्या नळीत मातीचं घर बांधलं होतं.

एवढा पैसा नसेल तर ५२५ च्या वाटेला न जाता १० बाय ५० ची, म्हणजे दहा पट आणि ५० मिलिमीटर भिंगांची, दोन डोळ्यांची द्विनेत्री घ्यावी. बाजेवर उताणं पडून कृत्तिका पाहाव्यात. देवयानीतली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, पाहावी, तिचा उजेड निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली. पोरांचं मन रमलं नाही तर ती जागलीला रानडुकरं हेरायला कामी येते.

जवळच्या एका गावच्या शाळेला मिळालेली दुर्बीण मी पाहिली आहे. ती आमच्या पहिल्या नळीची सख्खी बहीण. कपाटात बंद असते, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी टेबलावर ठेवतात, आणि तीही भर दिवसा. गुरुजींचा दोष नाही, त्यांना ती कुणी शिकवलीच नाही. मागणीपत्रात 'दुर्बीण, नग १' असं लिहिलं की पुरवठादार स्वस्तातली पाठवणार. त्याऐवजी आरसा किमान १५० मिलिमीटर, डॉब्सन बैठक, दोन आयपीस आणि एका संध्याकाळी प्रत्यक्ष शिकवणी, एवढं लिहिलं तर पाच शाळांच्या पाच खेळण्यांऐवजी त्या शाळांच्या केंद्राला एक खरी दुर्बीण मिळेल आणि ती गावोगाव फिरवता येईल.

अंधार आपल्याकडे आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. आमचं वावर पेंच नव्हे, पण अमावस्येला आकाशगंगा एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत दिसते. शहरातली मुलं गाडी करून ज्या आभाळाखाली येतात, त्याखाली आमची मुलं रोज झोपतात. त्यांच्या हाती मात्र सगळ्यात वाईट काच पडते.

संपादक महाशय, जाहिरातीतला मजकूर आपण लिहीत नाही हे मला कळतं. तरी दुर्बिणीच्या जाहिरातीत पटीशेजारी भिंगाचा किंवा आरशाचा व्यासही छापला जाईल, एवढी अट जाहिरात विभागाला घालता आली तर पाहावी. एका ओळीचं काम आहे.

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ