बाबांचा नवा आहार आणि आपला बांगडा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबांनी भात-भाकरी सोडून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा आहार ठरवल्याचे आईकडून कळले. माशात कर्बोदके जवळजवळ नसतातच, तेव्हा ताटातला मासा सुटणार नाही, याचा बाबांना झालेला आनंद मी समजू शकते. मात्र मधुमेहाच्या औषधांचा विचार आधी व्हायला हवा. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात एकदम बंद केला, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून आम्लता वाढण्याचा धोका असतो. म्हणून गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवेपर्यंत बाबांनी थोडा तरी भात घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

आपल्याकडे मान पापलेटाला आणि सुरमईला. बांगडा आणि तारली पडली रोजची. या आहारात हा मानपान उलटा करावा, असे मला वाटते. कडक पद्धतीत दिवसातले सुमारे ७० टक्के उष्मांक स्निग्धांतून यावे लागतात आणि बोंबलात तर बहुतांशी पाणीच असते. बांगड्यात व तारलीत तेल मुळातच असते, हृदयाला हितकर मानलेली ओमेगा-३ स्निग्धाम्ले त्याच तेलात असतात आणि पावसाळ्यानंतरची तारली तर विशेष तेलकट असते. आई, तुझे तिरफळे घातलेले, ओल्या नारळाच्या वाटणाचे बांगड्याचे तिखले या आहारात जसेच्या तसे बसते. फक्त सोबत भात वाढू नकोस. तळताना रवा किंवा तांदळाचे पीठ न लावता हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचे आगळ पुरे. बिनसाखरेची सोलकढीही चालेल. तिसऱ्यांत आणि कालवांत थोडी कर्बोदके असतात, पण त्यासाठी त्या वर्ज्य करण्याचे कारण नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या खारवलेल्या बांगड्याकडे हात जाईलच. बाबांचा रक्तदाब पाहता तो क्वचितच आणि नीट भिजवून, पाणी टाकून घ्यावा. शिवाय बांगडा व तारली यांनी युरिक आम्ल वाढू शकते, म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीही तपासणी करून घ्या आणि गोळ्यांत काही बदल झाला तर मला कळवा.

तुमची लेक