दादा, आधी तुझी तपासणी

मँचेस्टर

प्रिय दादा आणि वहिनी,

सा. न. वि. वि.

आईशी फोनवर बोलणं झालं. कुणकेश्वराला गाऱ्हाणं घातलंय, आता आंब्याचे पैसे आले की मूल व्हावं म्हणून वहिनीला पुण्याला नेऊन थेट आयव्हीएफ (अंडं आणि शुक्रजंतू शरीराबाहेर एकत्र करून गर्भ आत ठेवणं) करायचं, असं म्हणाली. गाऱ्हाण्याला माझी ना नाही. पण सोनोग्राफी वहिनीची, रक्त वहिनीचं, उपासही वहिनीचेच, आणि दादा, तुझी एकसुद्धा तपासणी नाही, हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

मी लॅबमध्ये काम करते म्हणून ठामपणे सांगते. मूल होत नाही अशा साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असतं, कधी एकट्याकडे, कधी दोघांकडे. आणि वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त, न दुखणारी तपासणी. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना द्यायचा, झालं. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात, शिवाय त्यांची हालचाल आणि आकारही बघतात. एक रिपोर्ट वाईट आला तर घाबरू नकोस, पुन्हा करतात. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तंबाखू आज सोडलीस तर फरक तेवढ्या काळाने दिसेल. फवारणीचं औषध उघड्या हाताने कालवू नकोस, आणि ते वापरतोस हे डॉक्टरांना सांग. ताकदीची म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं कुणी सुचवली तर मुळीच घेऊ नकोस. त्यांनी शुक्रजंतू बनायचेच थांबतात.

वहिनी, तुझी थायरॉईड आणि एएमएचची (अंड्यांचा साठा किती ते सांगणारी) रक्ततपासणी झाली, पण गर्भनळ्या मोकळ्या आहेत का हे कुणी पाहिलंय? त्यासाठी पाळी थांबल्यावर एचएसजी नावाचा एक्स-रे काढतात. थोडं दुखतं, आधी गोळी घे. आपल्याकडे टीबीमुळेही नळ्या बंद होतात आणि बाईला पत्ता नसतो. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र आजपासूनच सुरू कर.

हे सगळं कळल्याशिवाय उपचार ठरवूच नयेत. अंडं वेळेवर फुटत नसेल तर लेट्रोझोलच्या गोळ्या आणि सोनोग्राफीवर लक्ष, एवढ्यानेही कित्येकींना दिवस जातात. नळी उघडी असेल आणि तुझा रिपोर्ट बरा असेल, तर आययूआय: धुऊन निवडलेले शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडतात. खर्च आयव्हीएफपेक्षा पुष्कळ कमी. दोन्ही नळ्या बंद असतील तर मात्र आययूआयमध्ये वेळ घालवायचा नाही, आयव्हीएफच. शुक्रजंतू फारच कमी असतील तर इक्सी, म्हणजे एका अंड्यात एकच शुक्रजंतू सुईने सोडतात. वहिनी आता तेहतीस वर्षांची आहे, घाई नको, पण चालढकलही नको. पस्तिशीनंतर अंडी भराभर कमी होतात.

आईला काचेतल्या मुलाची, म्हणजे आयव्हीएफने होणाऱ्या टेस्ट ट्यूब बेबीची, धास्ती वाटते ना? तिला सांगा, जगातली पहिली अशी मुलगी, लुईस ब्राऊन, १९७८ साली इथे जवळच ओल्डहॅममध्ये जन्मली. आता ती स्वतः आई आहे, आणि तिला मुलं उपचारांशिवाय झाली. आपल्या मुंबईतही केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून १९८६ साली अशी मुलगी जन्मली. पण आयव्हीएफ एकदा केलं म्हणजे मूल होतंच असं नाही. खात्री देणाऱ्या दवाखान्यात पाऊल टाकू नका. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे दवाखान्याची नोंदणी आहे का ते विचारा, इंजेक्शनांसकट सगळा खर्च लिहून घ्या, आणि एका वेळी एकच गर्भ ठेवा म्हणा. जुळ्यांत आई आणि बाळं, दोघांनाही धोका वाढतो.

गावात कुणी वहिनीला टोचून विचारलं तर दादा, तू पुढे होऊन सांग, ‘दोघांची तपासणी चालू आहे.’ आईनेही हेच सांगावं.

मोहोराच्या फवारण्यांत तू अडकायच्या आत दोघं मिळून रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला जा. रिपोर्टचे फोटो मला पाठवा, डॉक्टरांना काय काय विचारायचं ते आपण तिघं फोनवर बसून लिहून काढू. पहिल्या तपासण्यांचे पैसे मी पाठवते आहे, नाही म्हणू नका.

ती. आईला नमस्कार.

तुमची,
बाय