संगणक सुरू होताना नमलॉक चालू ठेवण्याची सोय काढून टाकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय: फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीतून नमलॉकची सेटिंग वगळली जाणे आणि सेवा केंद्राकडून त्याचे निराकरण न होणे.

माननीय महोदय / महोदया,

आमच्या नागरी सहकारी पतसंस्थेच्या सर्व शाखांमध्ये काउंटरवर आपल्या कंपनीचे डेस्कटॉप संगणक आहेत. ते घेतले तेव्हा, संगणक सुरू होताना नमलॉक (उजवीकडच्या कीपॅडवर अंक उमटावेत की नाही हे ठरवणारे बटण) चालू असावा की बंद, हे ठरवण्याची सेटिंग त्यांच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकातल्या मूळ प्रोग्रॅममध्ये (फर्मवेअरमध्ये) होती. ती एकदा चालू करून ठेवली की त्याकडे पुन्हा पाहावे लागत नसे. आपल्याच अपडेट प्रोग्रॅममधून आलेले नवे फर्मवेअर बसल्यापासून ही सेटिंग मेनूमध्ये दिसत नाही आणि प्रत्येक संगणक रोज सकाळी नमलॉक बंद असलेल्या स्थितीतच सुरू होतो. सेवा केंद्राकडे वारंवार तक्रार करूनही उपाय झालेला नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे पाठवत आहे.

एक बटण दाबण्यापुरता हा प्रश्न आहे, असे आम्हाला सेवा केंद्रातून सांगण्यात आले. ते आम्हाला मान्य नाही. आमचे रोखपाल खाते क्रमांक, व्हाउचर क्रमांक आणि रकमा उजवीकडच्या अंकांच्या कीपॅडवर टाइप करतात, आणि तेही बटणांकडे न पाहता, कारण त्यांची नजर हातातल्या नोटांवर व पावतीवर असते. नमलॉक बंद असला की त्याच कीपॅडवरचे 8 आणि 2 कर्सरला वरच्या किंवा खालच्या ओळीत नेतात, 7 ओळीच्या सुरुवातीला आणि 1 शेवटी नेऊन सोडतो, 5 बहुतेक ठिकाणी काहीच करत नाही आणि दशांश चिन्हाचे बटण चक्क डिलीटचे काम करते. पैशांच्या नोंदी करणाऱ्या संस्थेला यातले शेवटचे सर्वांत घातक वाटते. रुपये आणि पैसे यांच्यामधला बिंदू द्यायला जावे आणि आधी लिहिलेला आकडा पुसला जावा, असे काउंटरवर घडले आहे. त्याच दिवशी संध्याकाळी रोजकीर्द जुळवताना ती चूक सापडली, ही आमच्या लेखापालांची दक्षता आहे. त्याचे श्रेय यंत्राला देता येणार नाही.

पासवर्ड टाकताना तर चूक डोळ्यांना दिसतही नाही. अक्षरांच्या जागी ठिपके उमटत असल्यामुळे अंक गळले आहेत किंवा मध्येच कर्सर मागे गेला आहे, हे कर्मचाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. पासवर्ड चुकला असे समजून तो पुन्हा तेच टाकतो आणि आमच्या सुरक्षा नियमानुसार त्याचे खाते बंद होते. मग मुख्य शाखेतून ते उघडून मिळेपर्यंत सभासद रांगेत ताटकळत उभे राहतात. त्यांत निवृत्तिवेतन काढायला आलेले वृद्ध बरेच असतात. फर्मवेअर बदलल्यावर काही संगणकांनी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) मागितली. ती 48 अंकी असते आणि विंडोज सुरू होण्याआधीच द्यावी लागते. त्या पडद्यावरही कीपॅड अंक उमटवत नव्हता.

सेवा केंद्राने सुचवलेले उपाय आम्ही मनापासून करून पाहिले. आधी कीबोर्ड बदलून देण्यात आले. वास्तविक यूएसबी कीबोर्ड नमलॉकचा दिवा स्वतःहून लावत नाही. संगणकाने आज्ञा दिली की तो लागतो. त्यामुळे कीबोर्ड बदलून गुण येणार नव्हता आणि आलाही नाही. त्यानंतर विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते तिथे) इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स ही किंमत 2 करण्यास सांगण्यात आले. या नोंदीत 0 म्हणजे सगळे लॉक बंद, 1 म्हणजे कॅप्सलॉक, 2 म्हणजे नमलॉक आणि 4 म्हणजे स्क्रोललॉक चालू. ती वापरकर्त्याच्या विभागात बदलली की परिणाम लॉगिननंतर दिसतो. लॉगिनच्या पडद्यासाठी डिफॉल्ट विभागातही वेगळा बदल करावा लागतो, हे आम्हाला आमच्या तंत्रज्ञाकडून कळले, सेवा केंद्राकडून नव्हे. दोन्ही बदल केल्यावरही संगणक रीस्टार्ट केला की नमलॉक चालू असे आणि रात्री बंद करून सकाळी सुरू केला की नसे. फास्ट स्टार्टअप या विंडोज लवकर सुरू करण्याच्या सोयीमध्ये विंडोज पूर्णपणे बंद न होता तिचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे हा फरक पडत होता. फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर लॉगिनचा पडदा सुधारला. पण चालू होतानाचा पासवर्ड आणि बिटलॉकर हे त्याआधीचे टप्पे आहेत. तिथे अंमल आपल्या फर्मवेअरचा चालतो आणि विंडोजमध्ये काहीही बदलले तरी तिथवर पोहोचत नाही.

ही सोय काही नवी मागणी नाही. 1981 च्या आयबीएम पीसीच्या 83 बटणांच्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणे नव्हती, म्हणून कीपॅडला दोन्ही कामे करावी लागत. 1986 च्या सुमारास 101 बटणांचा कीबोर्ड आला, बाण वेगळे झाले आणि कीपॅड अंकांसाठी मोकळा झाला. 1993 मध्ये आलेल्या एमएस-डॉस 6 या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येसुद्धा कॉन्फिग फाईलमध्ये एक ओळ लिहून नमलॉकची सुरुवातीची स्थिती ठरवता येत होती. वेगळा कीपॅड नसलेल्या काही लॅपटॉपवर नमलॉक चालू राहिला तर जे, के, एल या अक्षरांच्या जागी 1, 2, 3 उमटतात, त्यामुळे तिथे तो बंद असणेच सोयीचे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच निवड वापरणाऱ्याच्या हाती असली पाहिजे. ती आमच्याकडे होती आणि न विचारता, अपडेटच्या माहितीपत्रात एका शब्दाचाही उल्लेख न करता काढून घेण्यात आली, याचा आम्हाला खेद आणि रागही आहे.

आमच्या मॉडेलसाठी ही सेटिंग परत आणणारे फर्मवेअर द्यावे आणि ते केव्हा मिळेल हे लेखी कळवावे. त्याला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत जुनी आवृत्ती परत बसवण्याची परवानगी व ती फाईल द्यावी. सध्याचे फर्मवेअर मागच्या आवृत्तीवर जाऊ देत नाही. ते काम बिटलॉकर तात्पुरते थांबवून आपल्या अभियंत्याने प्रत्येक शाखेत येऊन करावे, कारण देखभाल करारात जागेवर सेवा देण्याची अट आहे. बदललेल्या कीबोर्डांचे शुल्क आमच्याकडून घेतले गेले आहे, ते परत मिळावे. मेनूची आधीची व आताची छायाचित्रे, फर्मवेअर आवृत्त्यांचे क्रमांक आणि सेवा केंद्राच्या तक्रार पावत्या सोबत जोडल्या आहेत.

नव्या शाखेसाठी संगणक खरेदीचा प्रस्ताव संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत येणार आहे. आपले लेखी उत्तर त्याआधी मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक,
नागरी सहकारी पतसंस्था