ईराची पहिली बासरी

रॉटरडॅम, १२ नोव्हेंबर

ती. दादा व सौ. वहिनी यांना शि. सा. न. वि. वि.

ईरासाठी पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीत सा असलेली) बासरी घ्यायला निघालात म्हणे. जरा थांबा. पंडित हरिप्रसाद चौरसियांमुळे सगळे तीच मागतात, पण ती जवळपास तीस इंची, भोकं लांब लांब. दहा वर्षांच्या मुलीची अनामिका पोहोचत नाही, भोक नीट झाकत नाही, हवा गळते आणि खालचा पंचम (प) उमटतच नाही. पोरीला वाटतं, आपल्यालाच दम नाही. मधल्या सप्तकातली पांढरी एक घ्या, अठरा-एकोणीस इंची. हात वाढला की पांढरी पाच, तीन त्यानंतर.

घेताना थोडा वेळ फुंकून बासरी गरम करा. थंड बासरी उतरलेली बोलते. मग तानपुऱ्याशी ताडून पाहा. वरची तीन भोकं बंद केली की सा, सहाही बंद केली की खालचा प, सगळी उघडी ठेवली की तीव्र (चढा) म. सा च्याच बोटांवर फुंक धारदार केली की वरचा सा. तो उतरत असेल तर बासरी परत ठेवा. दुकानदाराच्या वाजवण्यावर जाऊ नका, मुरलेला हात ओठ फिरवून बेसूर बासरीही सुरात आणतो. सातवं भोक दिसलं तर बिघडलेली समजू नका. जुने बासरीवादक पन्नालाल घोष यांनी ते मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) तीव्र म साठी आणलं. ईराला आत्ता नको.

भोकं बोटांच्या टोकांनी नाही, पेरांच्या मांसल भागानं झाकायची. कोमल स्वर अर्ध्या उघड्या भोकातून येतात, त्यामुळे ही सवय चुकली की पुढे मींड (एका सुरातून दुसऱ्यात सलग सरकत जाणं) अडते. सुरुवातीला दिवसातून दोनदा दहा मिनिटं, फक्त लांब सा. चक्कर आली तर फुंक वाया जातेय असं समजा. थांबायचं, ओठांची फट लहान करायची.

पंडितजी बासरी डावीकडे धरतात, ईरानं त्यांची नक्कल करू नये. अलाहाबादच्या पैलवानाचा हा मुलगा आधी गाणं शिकला, मग भोलानाथ प्रसन्नांकडे बासरी. १९५७ मध्ये कटकच्या आकाशवाणीवर लागला, पुढे मुंबईत आला. नाव झाल्यावर अन्नपूर्णादेवींकडे गेला तेव्हा जुनं सगळं पुसायचं म्हणून हातच बदलले आणि पुन्हा सा पासून सुरुवात केली. शिकवणाऱ्या बाई सूरबहारच्या (खर्जातल्या मोठ्या सतारीच्या). बासरीचा धडा त्या गाऊन देत. म्हणून शिक्षक निवडताना एवढंच विचारा : गाऊन शिकवता का? पहिल्याच महिन्यात सिनेमाचं गाणं बसवून देणारे नकोत.

बासरी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, बांबू तडकतो. महिन्यातून एकदा आतून मोहरीच्या तेलाचा हलका हात, बस.

ईराचे दोन्ही हात कागदावर ठेवून रेघ मारा आणि फोटो पाठवा. बोटं फारच आखूड असतील तर आणखी वरच्या पट्टीची, म्हणजे आणखी लहान बासरी सांगेन.

तुमचा,
नंदू