विभूतिपाद अर्धा वाचू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पतंजलींच्या योगसूत्रांतील तिसऱ्या पादात (अध्यायात), म्हणजे विभूतिपादात, ज्या अलौकिक शक्तींचे वर्णन आहे त्यांच्याविषयी अलीकडे दोन टोकांची मते वारंवार ऐकू येतात. एका मताप्रमाणे सूत्रात लिहिले आहे म्हणजे ते अक्षरशः घडते आणि योग्य ठिकाणी शिबिर केले तर कोणालाही साधते. दुसऱ्या मताप्रमाणे हा सारा भाग भाकड असून योगाच्या अभ्यासक्रमातून तो गाळून टाकावा. मी ३२ वर्षे शाळेत संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर व्यासभाष्यासह, म्हणजे व्यासांच्या जुन्या टीकेसह, योगसूत्रे वाचतो आहे. ही दोन्ही मते विभूतिपाद अर्धाच वाचल्यामुळे निर्माण होतात, असे मला वाटते.

हा केवळ पंडिती वाद असता तर मी पत्र लिहिण्याच्या भरीस पडलो नसतो. माझा एक माजी विद्यार्थी, चाळिशीच्या आतला शेतकरी, दोन वर्षांपूर्वी अशा एका शिबिराला जाऊन आला. तेथे त्याला ‘कण्ठकूपे क्षुत्पिपासानिवृत्तिः’ हे सूत्र पाठ करून घेतले होते आणि गळ्याच्या खळगीवर चित्त स्थिर केले की शरीराला अन्नपाण्याची गरज उरत नाही, तहान लागणे हा साधनेतला कच्चेपणा आहे, असे सांगितले होते. एप्रिल संपत आला होता. ज्या दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यात सकाळी दहालाच ऊन डोक्यावर येते आणि वाड्यावस्त्यांवर लोक टँकरची वाट पाहत घागरी मांडून बसतात, त्या दिवसांत हा मुलगा पाण्याचा थेंब न घेता रानात कामाला जात राहिला. तिसऱ्या दिवशी तो बांधावर चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी मूत्रपिंडांवर ताण आल्याचे सांगितले आणि पाच दिवस सलाईनवर ठेवले. तो वाचला; पण त्याच्या आईने मला दारात उभे करून विचारले, “सर, तुमच्या संस्कृतात असं लिवलंय का?”

त्या माउलीला मी जे उत्तर दिले तेच येथे सविस्तर देतो. सूत्रात ‘निवृत्ती’ हा शब्द आहे. व्यासांनी त्याचा अर्थ सांगताना जिभेखाली तंतू, त्याखाली कंठ, त्याखाली कूप, तेथे संयम केला असता भूक आणि तहान ‘न बाधेते’, म्हणजे बाधत नाहीत, एवढेच म्हटले आहे. भूकतहान चित्ताला त्रास देत नाही आणि देहाला पाणी लागत नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ‘संयम’ हा शब्दही येथे व्यवहारातल्या अर्थाने आलेला नाही. धारणा, ध्यान आणि समाधी ही तिन्ही एकाच विषयावर एकवटणे म्हणजे संयम, अशी त्याची व्याख्या त्याच पादाच्या आरंभी दिलेली आहे. यम, नियम, आसन, प्राणायाम आणि प्रत्याहार ही पाच अंगे त्याआधी दुसऱ्या पादात येऊन गेली आहेत. अहिंसा आणि सत्य अंगी बाणल्याशिवाय, इंद्रिये आवरल्याशिवाय ज्याची सुरुवातसुद्धा होत नाही, ते आठवड्याच्या शिबिरात कसे उरकणार?

माझ्या मते या ग्रंथाची खरी थोरवी अशी की, तो सिद्धी सांगतो आणि तेथल्या तेथे तिची मर्यादाही सांगतो. दुसऱ्याच्या चित्ताचे ज्ञान होते, असे एक सूत्र आहे. लगेच पुढे खुलासा येतो की ते ज्ञान आलंबनासहित नसते. भाष्यकार उदाहरण देतात की योग्याला समोरच्याचे चित्त कशात तरी आसक्त आहे एवढे कळते, कोणत्या वस्तूवर आसक्त आहे हे कळत नाही. ‘तुमच्या मनात काय चालले आहे ते सांगतो’ म्हणून जो दक्षिणा घेतो, त्याला हे एकच वाक्य पुरेसे आहे. अणिमा (अणूएवढे लहान होणे) आदी सिद्धींचे वर्णन तर भाष्यात मोठे डौलदार आहे. प्राप्ती नावाच्या सिद्धीने बोटाच्या टोकाने चंद्राला स्पर्श करता येतो आणि प्राकाम्याने पाण्यात बुडी मारावी तशी जमिनीत बुडी मारता येते. (आपण पाठ केलेल्या आठांच्या यादीतील ‘गरिमा’ व्यासांच्या यादीत नाही, तेथे आठवी सिद्धी यत्रकामावसायित्व, म्हणजे केलेला संकल्प खरा होणे, ही आहे.) पण त्याच ठिकाणी व्यास लिहितात, ‘न च शक्तोऽपि पदार्थविपर्यासं करोति’, म्हणजे समर्थ असूनही योगी वस्तूंचा स्वभाव उलटा करीत नाही. सृष्टीचा क्रम मोडून दाखवणे हे ज्या ग्रंथाला सर्वोच्च सिद्धाच्या बाबतीतही मान्य नाही, त्याचा आधार घेऊन राखेतून अंगठी काढणे हा त्या ग्रंथाचा अपमान आहे.

मग या सूत्रांचा अर्थ लावायचा कसा? ती ज्या सांख्य नावाच्या जुन्या दर्शनाच्या विचारावर उभी आहेत त्यातूनच तो लावावा लागतो. सांख्यांच्या मते बुद्धी, अहंकार, इंद्रिये आणि पंचमहाभूते ही सर्व एकाच प्रकृतीची (मूळ द्रव्याची) रूपांतरे आहेत. त्यामुळे चित्त जसजसे निर्मळ होईल तसतसे ते स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाऊन तत्त्वांना ओळखील, आणि जे पूर्ण ओळखले त्याची सत्ता आपल्यावर चालत नाही, अशी ही संगती आहे. सिद्धींची मालिका म्हणजे त्या वाटेवरील मुक्कामांची नोंद आहे. ती आतून सुसंगत आहे. पण त्यातून भौतिकशास्त्राचा एखादा नियम सिद्ध होतो, असे मात्र नव्हे. जे प्रत्येक शब्द अक्षरशः घ्या म्हणतात त्यांनी ‘भुवनज्ञानं सूर्ये संयमात्’ या सूत्रावरील भाष्य जरूर वाचावे. तेथे मध्यभागी सोन्याचा मेरू आहे, लाख योजनांचा जंबुद्वीप आहे, सभोवती खारट पाण्याचा, उसाच्या रसाचा, तुपाचा, दह्याचा असे समुद्र आहेत. आज चौथीतल्या मुलालाही पृथ्वीचा नकाशा ठाऊक आहे. म्हणून व्यास खोटे ठरतात, असे मी म्हणत नाही. त्यांनी आपल्या काळचे विश्वचित्र साधकाच्या ध्यानासाठी मांडले, एवढे समजले तर त्यांच्याविषयीचा आदर कमी व्हायचे काही कारण नाही.

आणि ज्यांना हा पाद गाळायचा आहे त्यांनी ‘ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः’ हे सूत्र गाळल्यावर मागे काय उरेल याचा विचार करावा. बहिर्मुख चित्ताला ज्या सिद्धी वाटतात, त्याच समाधीच्या वाटेवरचे उपद्रव आहेत, असे पतंजली स्वतः सांगतात. पादाच्या शेवटाकडे तर एक विलक्षण प्रसंग येतो. योगी एका उंचीवर पोहोचला की स्वर्गस्थानांचे अधिपती त्याला आमंत्रण देतात: या, येथे बसा, येथे रमा, हे रसायन जरामरण दूर करते, हे यान आकाशातून जाते. भाष्यातील योग्याचे उत्तर मला नेहमी गहिवर आणते. संसाराच्या निखाऱ्यांवर भाजून निघाल्यावर कसाबसा क्लेशांचा अंधार घालवणारा योगाचा दिवा हाती लागला आहे आणि विषयांचे हे वारे त्या दिव्याचे वैरी आहेत, असे तो स्वतःला बजावतो. ‘देवसुद्धा माझी विनवणी करतात’ हा अभिमानही त्याने धरू नये, असे पुढे सांगितले आहे. लोभ सुटल्यावरही अभिमान उरतो, हे इतक्या बारकाईने ओळखणारा ग्रंथ जादूचे पुस्तक कसा असेल? शेवटी भाष्यकार हेही स्पष्ट करतात की ऐश्वर्य मिळालेले असो वा नसो, विवेकज्ञान झाले की कैवल्य, म्हणजे मोक्ष, होते. अर्थात सिद्धी ही मोक्षाची अटसुद्धा नाही.

आम्हा मराठवाड्यातील लोकांना हे नवे वाटू नये. पैठणला ज्ञानेश्वर माउलींनी रेड्याच्या मुखी वेद बोलविल्याची कथा आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली, वाघावर बसून आलेले चांगदेव ऐकले. पण माउलींनी चांगदेवांना लिहिलेल्या ६५ ओव्यांत ना वाघ आहे, ना चालणारी भिंत. तेथे निखळ अद्वैत आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याला मुंगीचे मनोगत कळते असे येते खरे, परंतु माउली तेथे रेंगाळत नाहीत, लगेच पुढच्या वाटेला लागतात. तुकोबांनी तर ‘दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी’ असे रोखठोक सांगून टाकले. बौद्ध परंपराही याच बाजूची आहे. राजगृहात उंचावर टांगलेले चंदनाचे पात्र हवेत उडून आणणाऱ्या पिंडोल भारद्वाजाला बुद्धांनी खडसावले आणि गृहस्थांसमोर ऋद्धींचे (सिद्धींचे) प्रदर्शन करू नये असा नियम केला, ही कथा विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर बुद्धांनी श्रावस्तीला केलेल्या चमत्काराचे चित्र पाहताना ही कथाही आठवावी.

ज्या दाव्यांचा संबंध शरीराशी आहे ते तपासून पाहण्यास संकोच नसावा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली, आणि उड्डियान व नौली या पोटाच्या योगक्रिया करताना पोटात काय घडते हे क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले. त्यांची श्रद्धा त्याने उणावली नाही. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्या योग्यांची तपासणी भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी केली, तिचे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. छातीतील दाब वाढवल्याने मनगटाची नाडी लागेनाशी होत होती, आलेखावर मात्र हृदय चालूच होते. स्नायूंवरचे ते प्रभुत्व खरे होते, त्याला लावलेला अर्थ चुकीचा होता.

राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा देखावा करून लोकांना फसवणे आणि त्यातून पैसा मिळवणे हा त्याखाली गुन्हा आहे. दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगण्याला मात्र त्या कायद्याने हात लावलेला नाही. हा भेद मला योग्य वाटतो.

आपल्याकडे एक विनंती आहे. योगशिबिरांच्या बातम्या आणि जाहिराती आपण छापता तेव्हा त्यांत भूक, तहान, औषधे किंवा आजार यांविषयी काही दावा असेल, तर तो कोणत्या वैद्यकीय देखरेखीखाली होणार आहे हे आयोजकांना विचारावे आणि उत्तर न मिळाल्यास तो मजकूर घेऊ नये. योगशिक्षकांनाही माझे सांगणे आहे की कंठकूपाचे सूत्र शिकवाल तेव्हा त्याच तासाला उपसर्गाचे सूत्रही फळ्यावर लिहा. तो विद्यार्थी आता दर गुरुवारी माझ्याकडे येतो, ओसरीवर बसून सूत्रे वाचतो आणि येताना पाण्याची बाटली बरोबर आणतो. गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा पहिल्या पादापासून सुरुवात केली आहे.

आपला वाचक,
एक निवृत्त संस्कृत शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड