शाळेच्या रेडिओच्या जुन्या कॅसेट कुणाकडे असतील तर द्या हो

नमस्कार मंडळी, माजी विद्यार्थी मंडळातर्फे एक कळकळीची विनंती आहे, जरा शेवटपर्यंत वाचा.

आपल्या शाळेचा रेडिओ आठवतोय ना? हेडसरांच्या केबिनशेजारच्या खोलीत अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, एक माइक आणि तिथून वर्गावर्गात ओढलेली वायर, बस, पण चालवायची सगळी पोरंच. पुणे आकाशवाणीच्या सात पाचच्या बातम्या घरी ऐकायच्या, घाईघाईत वहीत उतरवायच्या नि परिपाठानंतर माइकवर वाचायच्या, निम्म्या पोरींना तर त्या बातम्या वाचणाऱ्या सुधा नरवणेच व्हायचं होतं. एफएमचा विषयच नव्हता तेव्हा. हवेतल्या लहरी एकट्या सरकारच्या नाहीत हा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९५ ला आला, शिक्षणसंस्थांना परवाने द्यायचं धोरण २००२ ला, आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम सुरू झालं २००४ ला. आपलं त्याआधीपासून वायरीवर चालू होतं!

आणि ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, पहाटे किल्लारीचा भूकंप, आपल्याकडेही भांडी वाजली होती. नंतर शाळा भरली तेव्हा दहावीच्या पोरांनी माइकवरून सांगितलं की उद्या प्रत्येकानं घरून पायलीभर नाहीतर ओंजळभर तरी ज्वारी आणा, लातूर-उस्मानाबादला पाठवायचीय, आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूमपुढं पोती लागली. कुणाच्याही सहीची नोटीस नव्हती, पोरांचा आवाज होता फक्त. तो कार्यक्रम टेप केला होता. ती कॅसेट आम्हाला हवीय, काहीही करून.

तर माळ्यावर, ट्रंकेत बघा. कॅसेट, बातम्यांच्या वह्या, फोटो, काहीही चालेल. एक मात्र ऐका, टेपवर पांढरी बुरशी दिसली तर घरी लावून बघू नका, टेप तुटते आणि बुरशी प्लेअरच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटलाही जाते, तशीच आणून द्या. साठ मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला साठ मिनिटंच लागतात, त्यामुळे रविवारी बसायला माणसंही पाहिजेत.

चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर कुणाकडे असेल तर फार मोलाचा आहे. आत्ताच्या आठवी-नववीच्या मुलांना रेडिओ परत सुरू करायचाय, त्यासाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर, माइक आणि वायर घ्यायचीय, शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल. शाळेच्या ऑफिसात मंडळाच्या नावानं द्या. कॅसेटवर नाव लिहा, कॉपी झाली की परत मिळेल. पुण्या-मुंबईला असाल तर कुरिअर नको, दिवाळीला गावी येताना पिशवीत घालून आणा.