अँटिबायोटिकचे गट पाठ आहेत, पण द्यायचं कसं ते कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर नोव्हेंबरात १८ ते २४ तारखेला अँटिबायोटिकच्या जागृतीचा आठवडा असतो आणि त्या आठवड्यात तुमच्या पेपरात, बाकीच्या पेपरांतही, यावर लेख येतात. मी ते सगळे वाचते. डॉक्टरांनी उगाच लिहून देऊ नये, मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय देऊ नये, पेशंटने दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानेच बंद करू नयेत, सगळं अगदी बरोबर आहे. पण ॲडमिट असलेल्या पेशंटच्या शिरेत ते औषध प्रत्यक्ष सोडतं कोण? नर्स सोडते. आणि जिथे नर्सिंग कॉलेज जोडलेलं आहे तिथे बऱ्याचदा पोस्टिंगला आलेली नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमाची किंवा बीएस्सीची विद्यार्थिनी सोडते. तिच्याबद्दल त्या लेखांत एक ओळसुद्धा नसते. मी निवृत्त सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका आहे, नोकरी सगळी वॉर्ड आणि वर्ग यांच्यातच गेली, म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, पण कृपया कापू नका.

आमच्या मुलींना अँटिबायोटिकचे गट पाठ असतात. परीक्षेला बसल्यावर धडाधड सांगतात, पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, अमिनोग्लायकोसाइड, मॅक्रोलाइड, क्विनोलोन, आणि सेफॅलोस्पोरिनच्या पिढ्यापण सांगतात, पहिली सेफाझोलिन, दुसरी सेफुरोक्झिम, तिसरी सेफ्ट्रियाक्सोन, चौथी सेफेपिम. मग मी विचारायचे, बाळा, पेशंटला आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेटचं सलाईन चालू आहे, त्याच लाईनमधून सेफ्ट्रियाक्सोन सोडशील का? की शांतता. यात मुलींचा दोष नाहीये, पुस्तकात गट एका प्रकरणात, सलाईन दुसऱ्या प्रकरणात आणि इंजेक्शन द्यायची पद्धत तिसऱ्याच वर्षात, तिन्ही गोष्टी एकत्र आणून कोणी दाखवतच नाही, आणि वॉर्डात मात्र तिन्ही एकाच वेळी हातात येतात.

आरएलमध्ये कॅल्शियम असतं आणि सेफ्ट्रियाक्सोन कॅल्शियमला भेटलं की बारीक कण तयार होतात. मोठ्या माणसाला दोन्ही एकाच वेळी एकाच लाईनमधून द्यायचं नाही, आरएल थांबवायचं, लाईन नॉर्मल सलाईनने धुवून घ्यायची, मग औषध, मग परत धुवायची. २८ दिवसांच्या आतलं बाळ असेल आणि त्याला कॅल्शियमवालं सलाईन चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रियाक्सोन द्यायचंच नाही, लाईन धुवूनही नाही, डॉक्टरांना सांगून दुसरं औषध लिहून घ्यायचं. हेच औषध कमरेत देताना दुखू नये म्हणून लिग्नोकेनमध्ये मिसळतात, ते मिसळलेलं शिरेत कधीही जाता कामा नये. एका साध्या व्हायलमागे (इंजेक्शनच्या छोट्या बाटलीमागे) एवढ्या गोष्टी आहेत, आणि हे औषध आपल्याकडे तालुक्याच्या छोट्या दवाखान्यातसुद्धा रोज वापरतात.

पेनिसिलिनचं बघा. क्रिस्टलाइन पेनिसिलिन शिरेत देतात. बेंझाथिन पेनिसिलिन, ते १२ लाख युनिटचं दाट पांढरं इंजेक्शन, ते फक्त खोल स्नायूत. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली मुलं दर २१ दिवसांनी ते घ्यायला येतात, सुई अडकते इतकं दाट असतं. ते चुकून शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, माणूस जातो. दोन्हींच्या नावात पेनिसिलिन, दोन्ही एकाच गटातली, आणि मार्ग एकदम वेगळा. म्हणून नुसता गट माहीत असून भागत नाही, पण गट माहीत नसला तरी जीव जातो, कसं ते सांगते.

पेशंटच्या केस पेपरवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, पेनिसिलिन ॲलर्जी. त्याला कोणी पेनिसिलिन लिहीत नाही. पण रात्री दुसरे डॉक्टर येतात, ताप वाढलेला असतो, ट्रीटमेंट शीटवर येतं पिपटॅझ ४.५ ग्रॅम. पिपटॅझ म्हणजे पिपरासिलिन आणि टॅझोबॅक्टम, आणि पिपरासिलिन हे पेनिसिलिनच आहे. ऑगमेंटिनमधलं अमोक्सिसिलिनपण पेनिसिलिनच. ब्रँडच्या नावात कुठेच तो शब्द दिसत नाही. अशा वेळी ज्या मुलीला गट कळतो ती थांबेल आणि फोन लावेल, जिला कळत नाही ती बाटली लावेल. औषध शरीरात जायच्या आधीची शेवटची नजर तिचीच असते, तिच्यानंतर कोणी बघणारं नाही. म्हणून मी गटांच्या विरोधात नाही, उलट ते नीट शिकवावेत म्हणूनच भांडतेय.

ॲलर्जी विचारायची पद्धतपण शिकवावी लागते. "कशाची ॲलर्जी आहे का?" असं आमच्या सातारच्या आजीबाईंना विचारलं तर त्या नाही म्हणतात आणि विषय संपतो. त्यांना विचारायचं, आजी, आधी कुठल्या गोळीनं किंवा इंजेक्शननं अंगावर पित्त उठलं होतं का, ओठ डोळे सुजले होते का, दम लागला होता का, इंजेक्शन घेऊन चक्कर येऊन पडला होता का. मग हळूहळू सगळं बाहेर येतं. आणि टेस्ट डोसवर, म्हणजे आधी हाताच्या कातडीत थोडंसं औषध टोचून बघतात त्यावर, सगळा भरवसा टाकू नये हे तर प्रत्येक मुलीच्या कानात बसायला पाहिजे. हातावर फोड आला नाही म्हणजे पेशंट सुरक्षित, असं अजिबात नाही, पूर्ण डोस गेल्यावरही रिॲक्शन येऊ शकते. म्हणून पहिला डोस देताना जवळ उभं राहायचं आणि ॲड्रेनलिन ट्रॉलीवर तयार पाहिजे, कपाटात कुलपात नाही. रिॲक्शन आली की लोक आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जीची औषधं शोधत बसतात. आधी औषध बंद करायचं आणि पहिलं इंजेक्शन ॲड्रेनलिन, १:१००० चं, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता व्हँकोमायसिन. हे शिकवताना मी नेहमी घड्याळ आणि कागद घेऊन बसायचे. नियम असा की मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही आणि डोस कितीही लहान असला तरी एक तासाच्या आत संपवायचा नाही. १ ग्रॅम असेल तर १०० मिनिटं लागणार. १ ग्रॅम २०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घातलं, म्हणजे मिनिटाला २ मिली, आणि सेट, म्हणजे सलाईनची नळी, जर २० थेंबांना १ मिलीचा असेल तर मिनिटाला ४० थेंब. हे गणित मुलीने स्वतः करायला हवं, आणि सेटच्या पाकिटावर थेंब किती लिहिलेत ते वाचायला हवं कारण सगळे सेट सारखे नसतात. मग थेंब लावून निघून गेलं तरी काम संपत नाही, आपल्याकडे नातेवाईकांना घाई असते, सलाईन हळू पडतंय म्हणून ते स्वतःच चाक फिरवून जोरात सोडतात. व्हँकोमायसिन जोरात गेलं की चेहरा, मान, छाती लालभडक होते, खाज सुटते, बीपी खाली येऊ शकतं. बऱ्याचदा ती खरी ॲलर्जी नसते, वेगाचा परिणाम असतो, पण केस पेपरवर ॲलर्जी म्हणून शिक्का बसतो आणि पुढे त्या पेशंटला गरज असताना ते औषध मिळत नाही. म्हणून चाकाला हात लावू नका हे नातेवाईकांना समजावणं हा औषध देण्याचाच भाग आहे.

जेंटामायसिन आणि अमिकासिन दिवसातून एकदा आणि पिपटॅझ दर सहा किंवा आठ तासांनी, असं का, हे तर फार कमी जणींना सांगितलेलं असतं. पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनच्या घराण्यात औषधाची पातळी रक्तात जास्तीत जास्त वेळ टिकली पाहिजे, तर जंतू मरतात. अमिनोग्लायकोसाइडचं उलटं, एकदा पातळी उंच गेली पाहिजे आणि मग पुढच्या डोसच्या आधी ती खाली आली पाहिजे, नाहीतर किडनी आणि कान दोन्हीला इजा होते. कानाची इजा परत भरून येत नाही. म्हणून अमिकासिन चालू असलेल्या पेशंटची लघवी किती झाली, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती आलं, कानात गुंई असा आवाज येतो का, तोल जातो का, हे रोज बघायचं, लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, बरोबर चालू असेल तर आणखी जास्त बघायचं. आणि ही दोन घराणी एका सिरिंजमध्ये किंवा एका बाटलीत कधी मिसळायची नाहीत, पेनिसिलिन जेंटामायसिनला निकामी करतं.

आठ तासांनी म्हणजे वॉर्डात सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १०. आता दुपारी २ ला काय असतं? ड्युटी बदलते. जाणारी सिस्टर ओव्हर, म्हणजे वॉर्डचा ताबा, देत असते, येणारी घेत असते, आणि २ चा डोस मध्येच लोंबकळतो. जाणारीला वाटतं येणारी देईल, येणारीला वाटतं दिला असेल. कधी साडेतीनला जातो, कधी जातच नाही, कधी दोनदा जातो. मग तोच पेशंट सोनोग्राफीला गेलेला असतो आणि शीटवर मात्र २ वाजता दिला अशी सही असते. मला हे फार खुपतं, कारण शीटवर सगळं व्यवस्थित दिसत असल्यामुळे डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाहीये आणि ते वरच्या औषधावर जातात, मेरोपेनेम, मग कॉलिस्टिन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकची वर्गवारी केली, त्यात कॉलिस्टिन अगदी राखीव गटात आहे. आपल्या सरकारने २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांना ते द्यायला बंदी घातली, ती माणसांसाठी शिल्लक राहावं म्हणूनच. आणि आपण २ वाजताचा डोस वेळेवर न दिल्यामुळे तिथपर्यंत पोचतो.

अजून एक, जे कुणाच्या लक्षात येत नाही. १०० मिलीच्या बाटलीत औषध घातलं, बाटली रिकामी झाली, सेट काढून टाकला. पण सेटच्या नळीत दहा-पंधरा मिली औषध शिल्लक असतं, लांब नळी असेल तर त्याहून जास्त. तेवढा डोस रोज दर वेळी कचऱ्याच्या पिशवीत जातो. बाटली संपल्यावर थोडं नॉर्मल सलाईन त्याच वेगाने सोडून नळी रिकामी करायची, एवढंच करायचंय, पण सांगणार कोण.

गोळ्यांचंही थोडं सांगते. सकाळच्या वाटीत सिप्रोफ्लॉक्सासिन, लोहाची गोळी, कॅल्शियम आणि ॲसिडिटीचं पातळ औषध सगळं एकत्र देतात, मग सिप्रो पोटात त्यांनाच चिकटून बसतं आणि रक्तात नीट जातच नाही. डॉक्सीसायक्लिनचंही तसंच. मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन देतात, ते ग्लासभर पाण्याबरोबर बसून घ्यायचं आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम होते. गोळी हातात ठेवून पुढच्या बेडकडे जाण्यापेक्षा हे एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो.

मला कल्पना आहे की एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असतात आणि विद्यार्थिनींकडून फुकटचं मनुष्यबळ म्हणून काम करून घेतलं जातं. म्हणूनच माझं म्हणणं मुलींना नाही, कॉलेजांना आणि हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला आहे. विद्यार्थिनीने शिरेतलं अँटिबायोटिक एकटीने देऊ नये, शेजारी रजिस्टर्ड सिस्टर उभी पाहिजे. प्रत्येक इंजेक्शन ट्रॉलीवर मराठीत एक तक्ता चिकटवा, औषधाचं नाव, त्याचा गट, कशात आणि किती मिलीत मिसळायचं, किती मिनिटांत द्यायचं, कशाबरोबर चालत नाही, काय बघायचं. आपल्या वॉर्डात जी दहा-बारा अँटिबायोटिक्स वापरतात तेवढ्यांचाच करा, त्याला खर्च येतो एका लॅमिनेशनचा. २ चा डोस जाणाऱ्या ड्युटीने देऊन, खरी वेळ लिहून, मगच ओव्हर द्यायची असा लेखी नियम करा. ताप आणि जंतुसंसर्गाच्या पेशंटचं ब्लड कल्चर (रक्तात कोणते जंतू आहेत याची तपासणी) पहिल्या डोसच्या आधी घ्या, पण पेशंट शॉकमध्ये असेल तर कल्चरसाठी डोस लांबवू नका. प्रॅक्टिकल परीक्षेत पिढ्या विचारा, पण एकदा मुलीच्या हातात व्हायल, बाटली आणि सेट देऊन थेंब लावायलाही सांगा. आणि एखाद्या मुलीने डॉक्टरांना फोन करून विचारलं की सर हे पेनिसिलिनमध्ये येतं ना, पेशंटला ॲलर्जी आहे, तर तिच्यावर ओरडू नका, हे मी डॉक्टर मंडळींना हात जोडून सांगते. एकदा ओरडा खाल्लेली मुलगी पुढच्या वेळी फोन करत नाही.

संपादकसाहेब, तुमच्याकडे आरोग्याची पुरवणी निघते. येत्या नोव्हेंबरात त्यात एक पान नर्सिंगच्या मुलींसाठी द्या, तक्ता मी लिहून पाठवते, वॉर्डातल्या सिस्टरांकडून आणि एखाद्या फार्माकॉलॉजीच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या आणि मग छापा. कापून ट्रॉलीवर लावता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात छापा.

आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर, सातारा